परवाना कुणाचा, जबाबदारी कुणाची? बीटी कापसाच्या एका कराराचं वाचन

(अमरावतीत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषयपत्रिकेवर आजचा विषय ‘बौद्धिक संपदा आणि सीमेपलीकडचे परवाने’ असा छापला आहे. हे वाचून काही जणांना वाटलं असेल की हा वकिलांचा विषय, तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं यात काय बोलावं? पण करार हा आधी एक मजकूर असतो, न्यायालयाचा निकाल हाही मजकूर असतो, आणि मजकूर वाचणं हेच तर आमचं आयुष्यभराचं काम. शब्द कुठला वापरला, का वापरला, त्यानं काय झाकलं गेलं, हे विचारायचं. आज मी तेवढंच करणार आहे. उदाहरण दूरचं घेत नाही. आपल्या वऱ्हाडातल्या पऱ्हाटीचंच घेतो.

सुरुवात जरा मागून करू. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानी कापसाच्या एका प्रतीला ‘ऊमरा’ म्हणत. हा ऊमरा म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपली उमरावती. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. खामगाव, अकोला, अमरावती या बाजारांचं रूप त्या काळात पालटलं. गावाचं नाव साता समुद्रापलीकडे मालाची खूण झालं. आजच्या भाषेत ती एक बौद्धिक संपदाच. पण त्या नावाच्या वापरासाठी अमरावतीला कुणी विचारलं नाही, कुणी परवाना घेतला नाही, कुणी कवडी दिली नाही. तो जमाना तसा होता, म्हणून मी तक्रार करत नाही. एवढंच ध्यानात घ्या की नाव इथून तिकडे गेलं तेव्हा ते फुकट गेलं, आणि जनुक तिकडून इथे आलं तेव्हा त्याच्यासोबत करार आला. दोन्हींच्या मध्ये सव्वाशे-दीडशे वर्षांत ‘मालकी’ या कल्पनेचं काय झालं, हा माझा प्रश्न आहे.

आपल्याकडे मालकीवर पुष्कळ बारकाईनं विचार झालेला आहे. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत एक वाद आहे: स्वत्व हे शास्त्रानं कळतं की लोकव्यवहारानं? विज्ञानेश्वराचं उत्तर, ते लौकिक आहे. ज्यांना शास्त्राचा गंधही नाही अशा लोकांतही खरेदी-विक्री चालतेच की! म्हणजे मालकी ही ग्रंथातून उपजत नाही, व्यवहारातून दिसते. आता हा निकष पेटंटला लावून पाहा. पेटंट बरोबर उलट आहे. लोकव्यवहारात ते कुठेच दिसत नाही. कायद्यानं लिहिलं म्हणून ते आहे, आणि कायदा जिथे संपतो तिथे तेही संपतं. अमेरिकेचं पेटंट अमेरिकेत, भारताचं भारतात, तेही वीस वर्षं. पेटंटला पाय नसतात, ते सीमा ओलांडत नाही. सीमा ओलांडतो तो करार. हा फरक सुटला की पुढचं सगळं आकलन बिघडतं.

आता गोष्टीकडे येऊ. जालन्याची महिको ही बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली उभी केलेली कंपनी. १९९८ मध्ये अमेरिकेच्या मोन्सँटोनं तिच्यात २६ टक्के भागीदारी घेतली. दोघांची मिळून महिको मोन्सँटो बायोटेक ही कंपनी झाली. मार्च २००२ मध्ये केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीनं बोलगार्ड कापसाला परवानगी दिली. त्यात क्राय-१-एसी नावाचं एक जनुक होतं. २००६ मध्ये क्राय-२-एबी या दुसऱ्या जनुकासह बोलगार्ड-२ आलं. हे जनुक आपल्या संकरित वाणांत घालून विकण्याचा उपपरवाना देशातल्या अनेक बियाणे कंपन्यांनी घेतला. म्हणजे साखळी अशी झाली: अमेरिकेतली कंपनी, तिची इथली भागीदार कंपनी, तिच्याकडून उपपरवाना घेणारी बियाणे कंपनी, मग कृषी केंद्र, आणि शेवटी आपला वावरवाला.

आपल्याकडे लोक मक्त्यानं, ठोक्यानं वावर करतात. मालक, ठोकेदार, आणि कधी ठोकेदाराचाही पोटठोकेदार. तशीच ही रचना. पण एक भेद आहे. ठोक्याच्या वावरात मालकाचं नाव सातबाऱ्यावर असतं, कुणीही जाऊन पाहू शकतो. इथे काय होतं? पहिल्या बोलगार्डमधल्या जनुकावर भारतात पेटंटच नव्हतं. पेटंट होतं ते दुसऱ्याशी संबंधित, २००८ मध्ये मिळालेलं. आणि शुल्क? ते तर पहिल्या पिढीपासून चालू होतं. २००५-०६च्या सुमारास ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशे ते अठराशे रुपयांच्या आसपास जात होतं, आणि त्यातली निम्म्याहून अधिक रक्कम तंत्रज्ञानाचं शुल्क म्हणून वर जात होती.

मराठी वर्तमानपत्रांनी या शुल्काला काय म्हटलं? ‘स्वामित्वधन’. शब्द सुरेख आहे, पण इथे चुकीचा आहे. ज्याचं कायदेशीर स्वामित्वच या देशात नव्हतं त्याचं स्वामित्वधन कसलं? कंपनीच्या बाजूनं उत्तर देता येईल, आणि ते पोकळ नाही: आम्ही जनुक असलेलं मूळ बियाणं दिलं, सुरक्षिततेच्या चाचण्यांचा खर्च केला, सरकारची मान्यता मिळवली, त्याचे हे पैसे. मान्य. पण मग ते सेवेचे आणि मालाचे पैसे झाले. सेवेची किंमत घासाघीस करून ठरते, तिचा हिशेब मागता येतो. स्वामित्वधन म्हटलं की प्रश्नच मिटतो, मालकाला कोण विचारणार? एका शब्दानं वाद सुरू होण्याआधीच निकाल लावला. आंध्र प्रदेश सरकारनं २००६ मध्ये मक्तेदारी आयोगाकडे धाव घेतली, नंतर राज्यांनी पाकिटाची किंमत साडेसातशेवर आणली. आपल्या महाराष्ट्रानंही २००९ मध्ये कापूस बियाण्यांच्या किमतीसाठी स्वतंत्र कायदा केला. पण त्या सगळ्या लढाईत प्रश्न राहिला ‘किती’ एवढाच. ‘कशाचे’ हा प्रश्न मागेच पडला.

करारातला दुसरा एक शब्द पाहू. हाच शब्द वऱ्हाडाला सगळ्यात महाग पडला असं माझं मत आहे. हैदराबादच्या नुझिवीडू सीड्सशी २१ फेब्रुवारी २००४ रोजी उपपरवान्याचा करार झाला, दहा वर्षांसाठी. नंतर तो न्यायालयात गेला म्हणून त्यातलं काही आपल्याला वाचायला तरी मिळालं. परवाना कशासाठी होता? जनुकीय बदल केलेलं ‘संकरित’ कापूस बियाणं तयार करण्यासाठी. संकरित! सरळ वाणासाठी नव्हे.

शेतकऱ्याला याचा अर्थ सांगायला नको, पण इथे शहरातली मंडळीही बसली आहेत म्हणून सांगतो. सरळ वाणाची सरकी घरी ठेवून पुढच्या मृगात पेरता येते. संकरिताची पेरली तर पीक एकसारखं येत नाही, म्हणून दरवर्षी नवीन पाकीट घ्यावंच लागतं. अमेरिकेत कापूस मुख्यतः सरळ वाणाचा आहे. तिथे बियाणं परत पेरू नये म्हणून कंपनीला शेतकऱ्याची सही घ्यावी लागते, प्रसंगी कोर्टात जावं लागतं. सोयाबीन परत पेरणाऱ्या इंडियानाच्या एका शेतकऱ्याचा खटला तर २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला, आणि शेतकरी हरला. भारतात अशी सही घ्यायची गरजच पडली नाही. संकर हेच कुलूप झालं.

आणि यातला विरोधाभास बघा. आपल्या संसदेनं २००१ मध्ये पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. त्याच्या ३९व्या कलमात शेतकऱ्याला बियाणं राखण्याचा, परत पेरण्याचा, देण्याघेण्याचा, छाप न लावता विकण्याचाही हक्क दिला. जगात इतका उदार कायदा क्वचितच असेल. हक्क कागदावर पूर्ण शाबूत, पण थैलीत जे बी आहे त्यावर तो चालत नाही! कायदा कुणी मोडला नाही, हक्क कुणी हिरावला नाही. दोन कंपन्यांमधल्या करारातल्या एका विशेषणानं तो निरुपयोगी करून टाकला, आणि ज्याचा हक्क होता तो त्या कराराच्या टेबलावर नव्हताच.

वऱ्हाडात याचे परिणाम कोरडवाहू जमिनीवर झाले. लांब मुदतीचं संकरित पीक हिवाळ्यातही उभं राहतं. ओल संपते, आणि उशिरा येणाऱ्या गुलाबी बोंडअळीला मात्र अन्न मिळत राहतं. कमी दिवसांचे सरळ वाण दाट पेरून लवकर रान मोकळं करावं, हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ बरीच वर्षं सांगत होते. पण बाजारात बीटी हवं तर संकरितच, अशी स्थिती होती. गुजरातेत २०१०च्या सुमारास पहिल्या बोलगार्डला अळी दाद देईना, पुढे दुसऱ्यालाही देईना. २०१७ चा हंगाम आपण सगळ्यांनी पाहिला. बोंड फोडलं की आत अळी. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली. विषबाधेला बोंडअळी हे एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण फवारणी कमी होईल या आश्वासनावर जे तंत्रज्ञान आलं, ते असताना फवारणीनं माणसं मरावीत, याचा जाब कुणाकडे मागायचा, हे पाकिटावर कुठे छापलेलं नव्हतं.

पाकिटावरून आठवलं. बीटीच्या ४५० ग्रॅमसोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं छोटं पाकीट यायचं. ते भोवतीनं पेरायचं, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर येत नाही. शास्त्र बरोबर होतं. पण पाच एकरवाल्यानं आपल्या तुटपुंज्या वावरातल्या ओळी अळीसाठी सोडायच्या, त्याची नुकसानभरपाई नाही, कुणी समजावून सांगायला नाही. ती पाकिटं बहुतेक बांधावरच राहिली. आता रचना लक्षात घ्या. शुल्क दर पाकिटामागे मोजून, हिशेबानं, चार पायऱ्या चढून वर गेलं. तंत्रज्ञान टिकवण्याची जबाबदारी मात्र चार पायऱ्या घरंगळत शेवटच्या माणसाच्या अंगावर आली. हक्क वर चढतो आणि कर्तव्य खाली उतरतं, असा हा परवाना. माझी या करारावरची मुख्य टीका हीच आहे. किंमत जास्त होती ही त्यामानानं लहान गोष्ट.

आता निकालाकडे वळू. २०१५ मध्ये शुल्काच्या दरावरून नुझिवीडू आणि मोन्सँटोचं बिनसलं. कंपनीनं नोव्हेंबरात करार संपवला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. मार्च २०१७ मध्ये एकसदस्यीय पीठानं सांगितलं, दोघांनीही करार पाळावा, आणि शुल्क इथल्या कायद्याप्रमाणे घ्यावं. एप्रिल २०१८ मध्ये खंडपीठानं त्याहून मोठं पाऊल टाकलं. पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) नुसार वनस्पती, बियाणं, वाण यांवर पेटंट मिळत नाही. जनुक एकदा झाडात उतरलं की ते झाडाचंच, वेगळं काढता येत नाही, म्हणून हे पेटंट अवैध. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल बाजूला ठेवला. इतका गुंतागुंतीचा प्रश्न पुरावा न घेता असा झटपट निकाली काढता येणार नाही, असं म्हणून खटला परत एकसदस्यीय पीठाकडे पाठवला.

तर्काच्या दृष्टीनं सर्वोच्च न्यायालयाचं बरोबर होतं असं मला वाटतं. जनुक हा झाडाचा भाग की झाडात घातलेली वस्तू, हा प्रश्न प्रयोगशाळेतल्या साक्षीशिवाय सुटणारा नाही. दुधात साखर विरघळली म्हणजे साखर उरली नाही, असं म्हणता येत नाही. पण ती साखर परत माझी म्हणून मागता येते, असंही म्हणता येत नाही. खंडपीठानं पहिलं वाक्य दुर्लक्षिलं, कंपनीच्या युक्तिवादानं दुसरं. खरा वाद इथे रंगायला हवा होता. पण झालं काय? त्याच वर्षी नोव्हेंबरात पेटंटची मुदत संपली. त्याआधीच, २०१८ मध्ये, मोन्सँटो बायरच्या पोटात गेली होती. आणि २०२१ मध्ये दोन्ही बाजूंनी आपसात तडजोड केली. प्रश्न अनुत्तरितच राहिला. कोट्यवधी एकरांवर ज्याचा परिणाम झाला तो प्रश्न दोन पक्षकारांना नकोसा झाला म्हणून मिटला! खाजगी करारात सार्वजनिक प्रश्न कोंडला की असंच होतं.

या भांडणात शेतकऱ्याला काय मिळालं, ते आकड्यांत पाहू. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१५ मध्ये दर-नियंत्रणाचा आदेश काढला. २०१६ ला बोलगार्ड-२चं पाकीट ८०० रुपये, त्यात तंत्रज्ञानाचे ४९. २०१८ ला ७४०, त्यात ३९. २०१९ ला ७३०, त्यात २०. २०२० ला शुल्क शून्य, आणि पाकीट? ७३०च! आता वजाबाकी तुम्हीच करा. शेवटचे वीस रुपये परदेशी कंपनीकडून निघाले ते आपल्या खिशात आले नाहीत, देशी बियाणे कंपनीकडे थांबले. पुढे शुल्क नसतानाही २०२४ ला तेच पाकीट ८६४ वर गेलं. मजुरी वाढली, खर्च वाढला, हे खरं. पण ‘विदेशी लूट थांबवा’ म्हणून ज्यांनी ओरड केली, त्यांनी हा आकडाही तेवढ्याच मोठ्यानं सांगायला हवा होता. लढाई दोन कंपन्यांची होती आणि झेंडा शेतकऱ्याचा होता, एवढं म्हणून मी थांबतो.

सरकारचंही ऐका. मे २०१६ मध्ये कृषी मंत्रालयानं परवान्यांसाठी मार्गदर्शक नियम काढले. शुल्क सुरुवातीला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त नको, पुढे दरवर्षी कमी व्हावं, पात्र कंपनीला परवाना नाकारू नये. काही दिवसांतच ते मागे घेऊन नुसता मसुदा म्हणून हरकतींसाठी ठेवले. त्याच वर्षी कंपनीनं तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या पिढीच्या कापसाचा अर्जही मागे घेतला.

आता दुसऱ्या बाजूवर टीका केली नाही तर माझं वाचन एकतर्फी होईल. अर्ज मागे गेला, बियाणं गेलं का? नाही. ते तर आधीपासूनच ‘चोर बीटी’ या नावानं वावरात होतं. निंदणाला बाई मिळत नाही, मजुरी परवडत नाही, मग माणूस काय करेल? १० जून २०१९ ला आपल्या अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेनं हे बियाणं जाहीरपणे पेरलं. पर्यावरण कायद्याखाली तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती, हे माहीत असून पेरलं. त्या धाडसाबद्दल मला आदर आहे. जो गुन्हा लपून घरोघर चालला होता तो त्यांनी उजेडात आणून त्याला प्रश्नाचं रूप दिलं.

तरीपण ‘तंत्रज्ञान स्वातंत्र्य’ या त्यांच्या घोषणेत एक पोकळी आहे. चोर बीटीला परवाना नाही, म्हणून पावती नाही. पावती नाही म्हणून उगवलं नाही तरी तक्रार नाही. पाकिटात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. परवान्याचा जाच आपल्याला दिसतो, पण परवाना म्हणजे जबाबदारीचा पत्ताही असतो. तो पत्ता पुसला की माणूस मोकळा होत नाही, उघड्यावर पडतो. वाईट परवान्याला उत्तर म्हणजे बिनपरवाना नव्हे, चांगला परवाना.

चांगला म्हणजे कसा? तीन प्रश्न विचारा. एक, ज्याच्या हातात वस्तू शेवटी पडते त्याला तिचं काय काय करता येईल? दोन, वस्तू फसली तर उत्तर कोण देणार, आणि ज्यानं शुल्क घेतलं तो त्यात आहे की नाही? तीन, परवाना संपल्यावर गावात काय उरणार? २००४ च्या करारात किमतीची कलमं होती, पण या तीन प्रश्नांची शेतकऱ्याच्या बाजूनं उत्तरं नव्हती.

तिसऱ्या प्रश्नाचं एक उत्तर मात्र आपल्या घरातच आहे. पहिल्या जनुकावर इथे पेटंट नव्हतं, म्हणून नागपूरच्या संस्थेनं अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या रजत, पीकेव्ही ०८१ यांसारख्या सरळ वाणांत ते घालून बीटी वाण तयार केले. सरकी घरी ठेवा, परत पेरा. पण ते आले कधी? अळीनं त्या जनुकाला दाद देणं सोडल्यावर. दार उघडं होतं, आपण पंधरा वर्षं उशिरा आत गेलो. त्याआधी २००९ मध्ये ‘बिकानेरी नरमा’ हा सरकारी बीटी वाण आला, त्यात मोन्सँटोचंच जनुक सापडलं आणि तो मागे घ्यावा लागला. दोष सगळा परदेशी कराराचा नाही. आपल्या सार्वजनिक संस्थांची ढिलाईही त्यात आहे, आणि ते आपण आपल्या तोंडानं म्हटलं पाहिजे.

आज हे बोलायचं कारण एवढंच की आता आपली विद्यापीठंही पेटंट घेऊ लागली आहेत, कंपन्यांशी सामंजस्य करार करू लागली आहेत. उद्या परवाना देणाऱ्याच्या खुर्चीत आपणच असू. महाबीज अकोल्यात, कृषी विद्यापीठ अकोल्यात. जनतेच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा करार जनतेला वाचायला मिळतो का? त्यात सरळ वाणाची मोकळीक ठेवली आहे का? वाण फसला तर विद्यापीठाचं नाव जबाबदारांच्या यादीत आहे का? इथे बसलेल्या संशोधक विद्यार्थ्यांनी आपल्या विभागप्रमुखांना हे तीन प्रश्न नम्रपणे, पण लेखी विचारावेत. लेखी अशासाठी, की मग उत्तरही लेखी द्यावं लागतं, आणि लेखी उत्तर पुढच्या माणसाला वाचता येतं.

माझं बोलणं संपलं. प्रश्न असतील तर माईक मागच्या रांगेपासून फिरवा, पुढच्या रांगेला बोलायची सवय असतेच.